गुडघ्यापर्यंत पाणी

शिट्टी वाजली तेव्हा लीलाचा उजवा पाय पाण्यापासून वीतभर वर होता. तो तसाच वर राहिला. डाव्या हातानं तिनं निऱ्या उचलून धरल्या होत्या, उजवा हात त्र्यंबकरावांच्या खांद्यावर होता, आणि शिट्टीसरशी त्या हाताची बोटं त्यांच्या खांद्यात रुतली. मग तिनं पाय मागं घेतला आणि वाळूत ठेवला, बाई ओरडल्यावर वर्गातली पोरगी ठेवते तसा, हळूच. त्र्यंबकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिट्टी! माणसाला शिट्टी! मेंढरं वळवायला वाजवतात, चोरामागं पळताना वाजवतात, तालमीतली टवाळ पोरं कट्ट्यावर बसून वाजवतात. पण साठी उलटलेल्या, पांढऱ्या केसांच्या, गुडघे धरून चालणाऱ्या बाईवर? खाकी शर्टातला रखवालदार वाळू तुडवत आला. कृष्णात त्याचं नाव. मघा तिकिटाच्या खिडकीतून कुणीतरी त्याला हाक मारली होती. तिशीचा, गालफडं बसलेला, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. "ओ पावणं! आजीस्नी मागं घ्या की. पाण्यात उतरायचं न्हाय. बोर्ड दिसत न्हाय व्हय?" बोर्ड दिसला होता. त्र्यंबकराव कुठलाही बोर्ड वरपासून खालपर्यंत, रंगाऱ्याच्या नावासकट वाचणारे. 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे', हे त्यांनी आत येतानाच वाचलं होतं आणि लीलाला सांगितलं नव्हतं. आता काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "हो हो. चुकलं."

चुकलं! सतरंजीकडं परतताना हा शब्द त्यांच्या छत्रीच्या टोकाबरोबर वाळूत रुतत होता आणि पुन्हा वर येत होता. काय चुकलं? कुणाचं चुकलं? लीला त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन एकेक पाय टाकत होती, आणि वाळूत गुडघा जास्तच दुखत असणार, कारण वाळू पायाखालून सरकते. ही वाळू तरी इथली कुठं होती? ती पंचगंगेतून ट्रकनं आणून इथं ओतली होती. हा म्हसोबाचा तलाव. गावाबाहेरचा, काठाला काळा दगड, एका अंगाला घाट, दुसऱ्या अंगाला शेंदूर फासलेला म्हसोबा आणि त्याच्यासमोर म्हशी बसायचा चिखल. दोन वर्षांमागं अर्ध्या काठाला काटेरी तार ठोकली, घाटाच्या पायऱ्या मातीनं बुजवल्या, वर वाळू ओतली आणि फाटकावर पाटी लावली, 'चौपाटी'. पत्र्याच्या रंगीत छत्र्या रोवल्या, पाळणे आणले, पायानं चालवायच्या हंसाच्या होड्या आणल्या. खांबावरच्या भोंग्यातून सिनेमाची गाणी चालू झाली. ज्याला समुद्र पाहायचाय त्यानं रत्नागिरीची एसटी धरावी. कोल्हापुरात समुद्र आणायची हौस कुणाला आली होती? आणि आणलात तर आणलात, पण पाण्याला पाय लावायचा नाही, नुसतं बघायचं, हा कुठला समुद्र?

"काय झालं हो आई?" सुनेनं विचारलं. प्रमोदिनी डबे मांडत होती. थालीपिठं, दह्याचं मडकं, कैरीचं लोणचं. "काही नाही गं, शिट्टी वाजवली त्यानं," लीला म्हणाली आणि सतरंजीवर बसताना तिनं दात आवळले, ते फक्त त्र्यंबकरावांना दिसलं. अंबादास हसला. "आई, तू पण ना! तिथं एवढा बोर्ड लावलाय. आणि या वयात पाण्यात बिण्यात काय, घसरलीस तर? बस इथं सावलीत, भेळ आणतो मस्त." अंबादास चांगला मुलगा होता. बिद्रीला साखर कारखान्यात हिशेबनीस, क्वार्टर मिळालेली, आईवडिलांना कायमचं घेऊन चाललेला. पुढच्या आठवड्यात ट्रक यायचा होता. जायच्या आधी एक रविवार सगळ्यांनी मजेत घालवावा, म्हणून त्यानंच ही चौपाटी काढली होती. "अण्णा, अहो मुंबईसारखं केलंय!" असं तो रिक्षात दोनदा म्हणाला होता. त्याच्यावर चिडायला जागा नव्हती, आणि म्हणूनच त्र्यंबकराव त्याच्यावरही चिडले. या वयात म्हणे. कुणाचं वय? पाण्याला वय कळतं?

हा विचार त्यांचा नव्हता. तो लीलाचा होता, सकाळचा. पहाटे चहा घेताना, अर्ध्या बांधलेल्या ट्रंकांच्या मध्ये बसून, बशीतल्या चहाकडं बघत ती म्हणाली होती, "तिकडं तलावावर जातोयच तर मी एकदा पाण्यात उतरीन म्हणते." त्यांना आधी कळलंच नाही. "उतरीन म्हणजे?" "म्हणजे उतरीन. जमिनीवर हे गुडघे हरघडी सांगतात, म्हातारी झालीस म्हणून. पाण्यात त्यांना कळत नाही. बघायचंय, अजून तसंच आहे का ते. बिद्रीला गेल्यावर काय, नळ आणि बादली." एवढं ती एका दमात क्वचितच बोलायची. आणि त्र्यंबकरावांना इतका उमाळा आला, की ते चटकन म्हणाले, "उतर की. कुणी काही म्हणालं तर मी बोलतो त्यांच्याशी." लीलानं वर पाहिलं. तिच्या नजरेत अविश्वास नव्हता, विश्वासही नव्हता; बाहेर आभाळ आलंय का ते बघावं तसं तिनं पाहिलं आणि बशी उचलून ती मोरीकडं गेली.

मी बोलतो. आणि बोलले काय, तर चुकलं. त्र्यंबकराव थालीपिठाचा तुकडा हातात धरून बसले. आता त्यांच्या मनात उत्तरं यायला लागली होती. नेहमीच अशी येत, वेळ टळून गेल्यावर, एकापेक्षा एक धारदार, पल्लेदार. 'महाशय, हा तलाव आपल्या शिट्टीहून जुना आहे.' छे, महाशय कशाला. 'अरे, तुझी आई असती तर वाजवली असतीस का?' हे बरं होतं, पण फार नाटकी. आयुष्यभर त्यांनी अशी उत्तरं रचली होती. वाचनालयाच्या कारकुनीत किती माणसं तोंडाला येईल ते बोलून गेली. फाटलेलं पुस्तक परत करून वर यांनाच दरडावणारे वकील, सभासद नसताना मासिकं घरी नेणारे पुढारी, आणि त्र्यंबकराव मान हलवून रात्रभर अंथरुणात त्यांना निरुत्तर करत पडत. मात्र एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. वाचनकक्षात 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण त्यांनी नोकरीभर कुणालाही 'गप्प बसा' असं तोंडानं सांगितलं नाही. कुणी बोलायला लागलं की ते फक्त उठायचे, त्या माणसाच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. माणूस आपोआप गप्प होई. बोलणं नाही, शिट्टी नाही. सभ्यपणा म्हणतात तो हा, असं त्यांना वाटे. आणि इथं हा कृष्णात!

पोरगी, त्यांची नात बेबी, हंसाच्या होडीसाठी रांगेत बापाचा हात ओढत होती. पाणी उन्हात चमकत होतं. त्या चमकण्याकडं बघता बघता त्र्यंबकरावांना तो घाट दिसला, आता वाळूखाली गेलेला. कॉलेजच्या दिवसांत ते पुस्तक घेऊन पहाटे त्या पायऱ्यांवर येऊन बसत. त्यांना पोहता येत नव्हतं. तालमीच्या पोरांनी एकदा कमरेला डबा बांधून ढकललं होतं, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून काठच बरा. अशाच एका पहाटे गवळ्यांच्या म्हशी पाण्यात शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग एक डोकं निघालं. मुलीचं डोकं. म्हशीचं शेपूट एका हातात धरलेलं, वेणी पाठीवर तरंगत असलेली. मग तलावाच्या मध्यावर तिनं शेपूट सोडून दिलं आणि ती म्हशीच्या पुढं गेली. पुढं! पुस्तकाचं पान बोटात धरून ते बघत राहिले. पुढं कळलं, ती गवळ गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मास्तरांची थोरली. गवळ्यांच्या पोरींबरोबर वाढलेली, त्यांच्यासारखीच शेपूट धरून पोहायला शिकलेली. वर्षभरानं तिचंच स्थळ सांगून आलं. मुलगी सावळी आहे, हुंडा बेताचा आहे, असं घरात चाललेलं असताना त्र्यंबकराव पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं ठामपणे म्हणाले होते, "मला पसंत आहे." का पसंत आहे, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लीलालाही नाही. सांगायचं राहून गेलं. लग्नानंतर तिचं पोहणंही राहून गेलं. बायकांचं राहतंच, संसार मागं लागतो, मुलं होतात. घरात तिला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. अक्का, म्हणजे त्यांची आई, कडक होती, पण या बाबतीत तिनंही चकार शब्द काढला नव्हता. या घरात कुणी कुणाला मनाई केली नाही. आणि हा परका माणूस, गळ्यात शिट्टी अडकवून, या पाण्यात या बाईला मनाई करतो!

त्र्यंबकराव उठले. उठल्यावर त्यांना कळलं की आपण उठलो आहोत. "कुठं हो?" प्रमोदिनीनं विचारलं. "बोलायला," ते म्हणाले. "अण्णा, सोडा की!" रांगेतून अंबादास ओरडला. लीलानं पाहिलं. सकाळसारखंच, आभाळ पाहावं तसं.

फाटकाजवळ पत्र्याची खोली होती, तिच्यावर 'व्यवस्थापक' लिहिलं होतं. आत टेबलापाशी एक जाडसर माणूस कागदावरची भेळ खात होता. टेबलावर पितळी घंटी, टेबलफॅन आणि भोंग्याचं मशीन. "बसा आजोबा. पोरगं हरवलं का?" त्र्यंबकराव बसले नाहीत. "नमस्कार. मी सेवानिवृत्त आहे. या जलाशयाशी माझा, म्हणजे आमचा, फार जुना... आपण सार्वजनिक जागा म्हणजे काय याचा जर विचार केलात..." माणसानं भेळेचा घास थांबवला, ऐकलं, मग पुन्हा खायला लागला. "आजोबा, मुद्द्याचं बोला. होडीचं तिकीट पाहिजे का?" होडीचं तिकीट! चाळीस वर्षांची, अंथरुणात रचलेली सगळी वाक्यं एकदम दाराशी येऊन अडकली आणि त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. त्यांनी छत्री उचलली, का ते त्यांना माहीत नव्हतं, आणि टेबलावर आपटली. घंटी खाली पडून वाजत गेली. "माझ्या बायकोला पाण्यात उतरायचंय!" ते ओरडले. आवाज फाटला. "तिकीट नकोय मला! होडी नकोय! तिला पाण्यात उतरायचंय, आणि तुमच्या माणसानं तिला शिट्टी मारली! शिट्टी! ती तुमच्या जन्माच्या आधी या तलावात पोहत होती! म्हशींच्या पुढं जात होती!"

दारात दोन माणसं गोळा झाली. व्यवस्थापकानं रुमालानं हात पुसले, वाकून घंटी उचलली. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. "आजोबा, बसा. पाणी घ्या. मागच्या पावसाळ्यात एक पोरगं गेलं इथं. कॉलेजचं. त्याची आई रोज फाटकावर येऊन बसायची, महिनाभर. तवापासनं शिट्टी दिलीया कृष्णातला. मला हौस न्हाय." त्र्यंबकराव छत्री धरून उभे. या माणसानं उलट ओरडायला हवं होतं. त्यांचा राग अजून संपला नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती. "पण तिला..." ते म्हणाले. व्यवस्थापकानं घंटी टेबलावर ठेवली. "बरं. गुडघ्यापर्यंत. तुम्ही हात धरून. कृष्णातला सांगा, मी सांगितलंय म्हणून. गुडघ्याच्या वर पाणी गेलं तर जबाबदारी तुमची."

बाहेर आल्यावर ऊन अंगावर पडलं आणि त्र्यंबकरावांना हसू फुटलं. छत्रीची एक काडी वाकली होती, पण ते बोलले होते. रात्री अंथरुणात नव्हे, भर दुपारी, माणसाच्या तोंडावर! वाळूतून चालताना त्यांना वाटलं, आपण जरा उंच झालो आहोत. कृष्णातसमोर थांबून ते मोठ्यानं म्हणाले, "साहेबांनी परवानगी दिलेली आहे. गुडघ्यापर्यंत." कृष्णात म्हणाला, "व्हय? बरं की," आणि बेबीच्या हंसाला काठाशी ओढायला गेला. बरं की! एवढ्या गोष्टीला एवढंसं उत्तर. पण असो. ते सतरंजीशी आले. अंबादास कुल्फी खात होता. लीला नव्हती.

"आई?" अंबादास म्हणाला. "तुमच्याकडं आली ना ती? तुम्ही गेलात आणि लगेच उठली. म्हणाली, येते."

त्र्यंबकरावांनी वाळूत पाहिलं. एक पाय ओढत टाकलेले तिचे माग ओळखू येण्यासारखे होते. ते फाटकाकडं गेलेच नव्हते. ते पाळण्यांच्या मागून तारेकडं गेले होते, जिथं वाळू संपत होती. तिथं दोन तारा वाकवून कुणीतरी वाट पाडली होती. रोजची वाट, कडेचं गवत चुरगळलेलं. तारेखाली लीलाच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. त्यांनी त्या उचलल्या. सदरा तारेत अडकून फाटला. पलीकडं भोंग्याचं गाणं एकदम लांब गेलं. इथं शेणाचा आणि पाण्याचा वास होता, काळा दगड होता, म्हसोबा होता, आणि एक गवळीण कमरेला पदर खोचून पाण्याकडं बघत उभी होती.

"तुम्ही मालक हायसा व्हय आजींचं?" ती म्हणाली. "या की. ती बघा."

तलावाच्या मध्यावर चार म्हशी होत्या. शिंगं, नाकपुड्या, पाठी. शेवटच्या म्हशीच्या मागं एक पांढरं डोकं होतं. त्र्यंबकरावांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्या डोक्यानं शेपूट सोडलं. हात वर आला, पाण्यात गेला, पुन्हा वर आला. सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं ते डोकं म्हशीच्या बाजूनं पुढं सरकलं. पुढं गेलं. "लई ब्येस पवत्यात," गवळीण म्हणाली. "मी म्हणलं, आजी, जमंल काय? तर म्हणत्यात, म्हस कोणती शांत हाय तेवढं सांग. आमची चिमणी दिली. ती पोरं लटकत्यात तरी हूं का चूं करत न्हाय." मागं धापा टाकत कोणीतरी आलं. कृष्णात. "मावशे, आजी कुठं हायत?" गवळीण हसली. "का रं, आता म्हशीला बी शिट्टी मारतोस काय?" "तुझी म्हस हद्दीत आली तर मारीन की, बनामावशे!" तो पाण्याकडं बघत म्हणाला, आणि तिथंच थांबला. बनाबाईनं लांबलचक हाक दिली, "ह्योऽऽ चिमणेऽऽ", आणि म्हशी वळल्या. त्यांच्याबरोबर लीलाही वळली.

ती चिमणीच्या पाठीवर हात ठेवून चिखलातून वर आली. पातळ अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले, तोंडावर पाणी. वर येताच गुडघे पुन्हा गुडघे झाले आणि ती म्हशीला टेकून उभी राहिली. ती हसत होती, त्यांच्याकडं बघून नव्हे, उगाचच. त्र्यंबकराव चपला घेऊन पुढं झाले. त्यांना खूप बोलायचं होतं. ते म्हणाले, "अगं, मी परवानगी काढली होती."

"कुणाची?"

"साहेबाची. तिथं आत जाऊन. चांगला ओरडलो मी त्याच्यावर. छत्री आपटली." त्यांनी वाकलेली काडी दाखवली. "गुडघ्यापर्यंत देतो म्हणाला."

लीलानं छत्रीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. हसणं तसंच तोंडावर होतं, पण आतून कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं. "एवढे रागावलात त्याच्यावर?" ती म्हणाली. "त्यानं निदान शिट्टी तरी वाजवली हो. कळलं तरी मला, नाही म्हणतायत म्हणून. आपल्या घरात मी विचारलं होतं."

मग ती बनाबाईकडं वळली. "बाई, अजून एक फेरी होईल का गं?" "होईल की आजी, धरा."

हा अन्याय होता. त्र्यंबकरावांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. कुणी नाही म्हटलं होतं हिला? कधी? कुणाचा एक शब्द तरी दाखव! अक्का? अक्का त्या दिवशी सोप्यात तांदूळ निवडत होती. नवी सून दारात उभी होती, हातात जुनं लुगडं घडी करून घेतलेलं, आणि म्हणाली होती, "पहाटे तलावावर जाऊन येऊ का? माहेरी जायचे मी." अक्कानं मान वर केली नाही, सूप पाखडत राहिली. मग सुनेनं इकडं पाहिलं होतं, खुर्चीकडं, जिथं पुस्तक होतं. आणि पुस्तकामागचा माणूस उठला होता, तिच्याजवळ जाऊन उभा राहिला होता आणि खिडकीबाहेर पाहत होता. एवढंच. ती आपोआप आत गेली होती. तो एक शब्द बोलला नव्हता! काय बोलला होता तो? याचं उत्तर त्यांना हवं होतं, आत्ता, इथं. आणि नेहमी वेळ टळल्यावर का होईना धावत येणाऱ्या त्या सगळ्या वाक्यांतलं आज एकही येत नव्हतं.

"आजोबा, ही बाजू आमच्या हद्दीत न्हाय," कृष्णात शेजारून म्हणाला, जणू समजूत घालत. "पर मधी खोल हाय. म्या थांबतो, काळजी करू नगा." लीला कमरेपर्यंत गेली, छातीपर्यंत गेली, मग तिला पाय राहिले नाहीत. त्र्यंबकराव तिच्या चपला हातात धरून उभे होते. कुणीतरी आता आपल्यावर ओरडावं, चार माणसांत, भोंग्याच्याही वर आवाज चढवून, असं त्यांना वाटलं. ते कृष्णातकडं वळले. तो डोळ्यांवर हात धरून पाण्याकडं बघत होता, आणि काळ्या दोरीची शिट्टी त्याच्या छातीवर गप्प लोंबत होती.